आधी उघाडी, मग बियाणं

शेतीविषयक प्रश्नोत्तरांचं हे सदर. खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीतल्या, जुन्या राता या लाल भाताबद्दल मागच्या अंकात चार ओळी लिहिल्या आणि तेव्हापासून बहुतेक पत्रं खारजमिनीचीच येताहेत. म्हणून आंब्याच्या मोहोराला आणि सुपारीच्या गळीला या महिन्यात सुट्टी. खारेपाटात जन्मले, शेतकी खात्यात नोकरी झाली आणि आता पुन्हा त्याच बांधावर आहे, त्यामुळे उत्तरं थोडी घरच्यासारखी झाली तर चालवून घ्या.

प्रश्न : आजोबांची अडीच एकर जमीन अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात आहे. मी नोकरीमुळे ठाण्याला असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या मोठ्या बांधाला) खांड पडली, म्हणजे तो फुटला, तेव्हापासून शेतात भरतीचं पाणी शिरतं. गावातल्या इतरांचीही तीच गत आहे. मला जमीन विकायची नाही. तिथे जुना लाल तांदूळ, तोही खताशिवाय, पुन्हा पिकवायचा आहे. राता भाताचं बियाणं कुठे मिळेल आणि एकरी किती लागेल? — एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, बियाणं मिळेल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे, तिथे चौकशी करा. भुरा राता, काळा राता हे आपल्याकडचे जुने वाण, आणि पनवेल १, २, ३ हे त्याच केंद्राचे सुधारित वाण. शिवाय खारेपाटात दोन-चार म्हाताऱ्यांच्या कणगीत अजून राता सापडतो. पण आज ते बियाणं तुमच्या शेतात टाकलंत तर पुढच्या उधाणाला त्याची माती होईल.

राता खार सोसतो, पण समुद्र सोसत नाही. साधं भात घ्या. जमिनीतली क्षारता ३ डेसिसायमनच्या (मिठाचं प्रमाण मोजायचं एकक) वर गेली की त्याचा उतारा घटायला लागतो, आणि पुढच्या प्रत्येक एककाला साधारण १२ टक्के उत्पन्न जातं. खारे वाण त्याच्या पुढे काही अंतर तग धरतात. समुद्राचं पाणी ५० च्या आसपास असतं. त्या दोन आकड्यांमधलं अंतर कुठलंच बियाणं कापू शकत नाही. ते कापतो पाऊस. आपल्या किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो शेतात साचायचा, मातीतलं मीठ विरघळवायचा आणि ओहोटीला उघाडीतून, म्हणजे काठ्यातल्या झडपेच्या दारातून, खाडीत जायचा. मग भरती आली की उघाडी बंद, आणि आत गोडं पाणी. खारेपाटातली सगळी भातशेती या येण्याजाण्यावर उभी आहे. मीठ बाहेर नेणारी वाट आणि पाणी आत न येऊ देणारा काठा, या दोन गोष्टी नसतील तर बाकी सगळं फुकट.

तेव्हा सुट्टी काढून गावी या आणि पहिल्यांदा उघाडी बघा. बघायची वेळ म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचं उधाण, भरती पूर्ण भरताना. उघाडीची झडप वरून बिजागरीला टांगलेली आणि खाडीच्या बाजूला उघडणारी असते. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती बाहेर ढकलली जाते, भरतीला खाडीचं पाणी तिला चौकटीवर दाबून बसवतं. माणसाने हात लावायची गरज नाही, इतकं ते सोपं यंत्र आहे. पण झडप आणि चौकट यांच्यात एक फांदी, एक सिमेंटची गोणी, नाहीतर शंख-कालवांचा थर अडकला की बोटभर फट राहते, आणि त्या बोटभर फटीतून एका उधाणात किती खारं पाणी आत येतं ते उभं राहून बघितल्याशिवाय कळत नाही. फळ्यांच्या सांध्यातून पिचकाऱ्या उडतात का, चौकटीच्या बाजूने मातीतून पाझर आहे का, हे बघा. मग काठ्यावरून चालत जा. आतल्या उतारावर जिथे ओल दिसेल तिथे चिंबोऱ्यांचं बीळ आहे असं समजा. खांड एका रात्रीत पडते खरी, पण तिची सुरुवात बहुतेक वेळा अशाच बिळापासून झालेली असते.

आता मुख्य मुद्दा, जो तुम्हाला आवडणार नाही. अडीच एकराला वेगळा बांध घालून तुम्ही एकटे भात पिकवू शकणार नाही. अख्ख्या खाराला, म्हणजे एका काठ्याच्या आतल्या सगळ्या शेतांना मिळून, एक बाहेरकाठा आणि मोजक्या उघाड्या असतात. शेजाऱ्याच्या शेतात खारं पाणी उभं असेल तर ते जमिनीखालून तुमच्याकडे येतं, आणि तुमचं मीठ धुतलेलं पाणी त्याच्याच शेतातून उघाडीकडे जातं. एक तर अख्खा खार पिकतो, नाहीतर अख्खा पडतो.

पूर्वी हे कसं चालायचं? कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री नावाची जमीनधारा होती. बाहेरचा काठा राखायची जबाबदारी शिलोत्रीदाराची, आणि त्याबद्दल त्याला शेतकऱ्यांकडून धान्य मिळायचं. गावोगाव जोळही असे. म्हणजे काठ्याच्या कामाला घरटी माणूस जायचंच. जो येणार नाही त्याची गावात काय अवस्था होई ते आमच्या आजीकडून ऐकलंय, इथे छापण्यासारखं नाही. त्या काळाचे गोडवे मात्र मी गाणार नाही. धान्य घेणारे खोत आणि सावकार काय वृत्तीचे होते हे चरीच्या संपाने जगाला दाखवलं. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात सभा भरली, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने २५ गावांच्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं आणि १९३९ पर्यंत ते हटले नाहीत. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कूळ मालक झालं. फार चांगलं झालं. फक्त जमिनीबरोबर काठा कोणाच्या नावावर चढला, हे सातबारावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. खारजमिनींचा कायदा १९४८ चा, नंतर १९७९ चा. योजनेतल्या काठ्यांची जबाबदारी सरकारकडे गेली आणि गावाने हळूहळू जोळ सोडला. सरकारचं काम निविदा निघाली की होतं, आणि चिंबोरी काही निविदेची वाट बघत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत तुमच्या आजोबांची जमीन गेली आहे.

म्हणून तुमचं पहिलं काम सभेचं. तुमच्या खारात किती खातेदार आहेत, त्यातले किती मुंबई-ठाण्याला आहेत, किती जणांनी जमिनी विकायला काढल्यात, याची यादी करा. तुमच्यासारखे बाहेर असलेले लोक एक गोष्ट सहज करू शकतात, ती म्हणजे दरवर्षी ठरलेली वर्गणी. त्यातून उघाडीवर एक राखणदार ठेवता येतो. बारमाही पगार लागत नाही, पावसाळ्यातल्या उधाणांना माणूस जागेवर असला तरी अर्धं काम झालं. काठा तुमचा खारभूमी विकास विभागाच्या योजनेत आहे की खाजगी, हे त्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. योजनेत असेल तर खांड बांधायची मागणी ग्रामसभेच्या ठरावासकट लेखी द्या.

खांड लहान असेल आणि गावानेच बांधायची ठरवलीत, तर भांगाच्या पाण्यात बांधा, अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती कमी चढते. खुंट ठोकायचे, मध्ये पेंढा आणि खाडीची चिकण माती थरांनी तुडवायची. हे काम एका ओहोटीपासून सुरू करून पुढच्या उधाणाआधी उंचीला न्यावंच लागतं. अर्धवट राहिलं तर केलेलंही जातं. आणि माती काठ्याच्या पायथ्यालगत खणू नका, काठा कमजोर होतो.

एक गाठ मात्र सभेने सुटणारी नाही. इतकी वर्षं भरतीचं पाणी येत असेल तर शेतात तिवरं (खारफुटीची झाडं, म्हणजेच कांदळवन) उगवली असतील. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे कांदळवन तोडायला मनाई आहे, जमीन खाजगी असली तरीही, आणि त्याच्या भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखीव धरला जातो. आजोबांचा सातबारा दाखवून कोयता चालवलात तर गुन्हा दाखल होईल. तहसीलदार आणि वनखात्याचा कांदळवन कक्ष यांच्याकडून आपल्या गटाची नोंद काय आहे ते आधी समजून घ्या. भरपूर तिवर आलेला तुकडा सोडून द्यावा आणि उरलेला वाचवावा, असं माझं सरळ मत आहे. काठ्याच्या बाहेर असलेली तिवरं लाटांचा मार झेलतात, ती तर आपलीच राखण आहे.

हे सगळं जमलं तरी पहिल्या पावसाळ्यात पीक धरू नका. नुसतं पाणी साठवा, ओहोटीला सोडा, पुन्हा साठवा. जुनी माणसं चिमूटभर चिखल जिभेवर ठेवून सांगायची. तुम्ही माती आणि शेतातलं पाणी दोन्ही तपासून घ्या. दिवाळीनंतर जमीन ओली असतानाच वरवर नांगरून ढेकळं पाडा किंवा पेंढा पसरा, म्हणजे उन्हाळ्यात खालचं मीठ वर चढत नाही. होळीच्या सुमारास शेतावर मिठाची पांढरी फुली किती दिसते यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज येतो.

मग बियाणं. खारात रहू टाकायची पद्धत आहे. बियाणं भिजवून मोड आणायचे आणि मीठ धुऊन निघाल्यावर चिखलात फेकायचं. याला बियाणं लावणीपेक्षा जास्त लागतं, पण लावणीची मजुरी वाचते. माझा कल मात्र लावणीकडे आहे. दोन-तीन पानांचं कोवळं रोप खाराला सगळ्यात नाजूक असतं, आणि दुसऱ्यांदा नाजूक होतं ते फुलोऱ्यात. तेव्हा राब (रोपवाटिका) गावाजवळच्या गोड्या जमिनीत करा, रोप नेहमीपेक्षा जून होऊ द्या आणि एका चुडात तीन-चार काड्या लावा. काही मेल्या तरी जागा रिकामी राहत नाही. फुलोऱ्याच्या वेळी पाऊस ओढ देतो, तेव्हा शेतातलं गोडं पाणी राखून ठेवा. एकरी किती, हे तुम्ही रहू करता की लावणी, यावर केंद्रातच सांगतील. जुन्या वाणांचा उतारा हेक्टरी दीड-दोन टनांच्या आसपास धरा. त्याहून जास्त सांगणाऱ्याला विचारा, तुझं शेत कुठं आहे.

प्रश्न : आमच्या बचत गटातल्या सात जणी मिळून राता लावतो. भात छान येतं, पण दाणे एकसारखे नसतात, काही पांढरे निघतात. गिरणीत कणीच फार होते. मुंबईची गिऱ्हाइकं लाल तांदूळ मागतात आणि आमचा फिकट दिसतो. — बचत गटाच्या अध्यक्षा, पेण तालुका

उत्तर : ताई, तुमच्या बियाण्यात भेसळ झाली आहे आणि गिरणी उरलेलं बिघडवते आहे. दोन्हीला उपाय आहेत.

भेसळ खळ्यावर निघत नाही, ती उभ्या पिकात काढायची. लोंब्या बाहेर पडल्या की सकाळच्या वेळी शेतात फिरा. जो चूड इतरांपेक्षा उंच-बुटका आहे, लवकर किंवा उशिरा निसवला आहे, ज्याच्या लोंबीचा रंग वेगळा आहे, तो मुळासकट उपटा. कापणीच्या आधी एकसारख्या, भरलेल्या दोन-तीनशे लोंब्या हाताने खुडा. प्रत्येकीतले दोन दाणे सोलून बघा. आत लाल नसेल तर ती लोंबी बाजूला. उरलेल्या लोंब्यांचं बी पुढच्या वर्षी वेगळ्या तुकड्यात लावा, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ते सगळ्या जणींत वाटा. ज्या खळ्यावर दुसरं भात झोडलं असेल तिथे हे झोडू नका. बहुतेक भेसळ तिथेच होते.

पेरणीआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ टाका आणि बी त्यात सोडा. तरंगतं ते फेका, बुडतं ते दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. खारातल्या बाईला मीठ विकत आणायला सांगतेय, हसू नका.

गिरणीचं म्हणाल तर जुन्या हलरमध्ये लाल तांदूळ घालूच नका. तो साल आणि कोंडा एकदमच ओरबाडतो, आणि राताचा सगळा रंग त्या कोंड्यातच असतो. रबर रोलरची गिरणी शोधा, फक्त तूस काढा, पॉलिश नको म्हणून बजावून सांगा. भात नीट न सुकवता दळलं तरी कणी होते आणि कडक उन्हात डांबरी रस्त्यावर एका दिवसात सुकवलं तरी होते. सावली-उन्हात दोन-तीन दिवस फिरवून सुकवा, दाणा दाताखाली टचकन तुटला पाहिजे.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की बियाणं विकलं तर कोणी पकडेल का. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि विकायचा हक्क आहे. फक्त ब्रँडच्या पिशवीत भरून विकता येत नाही. जुना वाण शेतकऱ्यांच्या नावाने नोंदवायचीही सोय याच कायद्यात आहे. गटाच्या नावाने अर्ज करायचा विचार करा, पनवेलचं केंद्र माहिती देईल.

प्रश्न : आमच्या गावची खाजन शेती (गोव्यातली बांध घातलेली खारजमीन) वीस वर्षं पडून आहे. मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) मासळीची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव होतो. ज्याला ती मिळते तो भरतीला दार उघडं ठेवतो, म्हणून कोरगुट (आमचं खार सोसणारं जुनं भात) लावलं तरी बुडतं. बोललो की म्हणतो, मी पैसे मोजलेत. काय करावं? — एक शेतकरी, तिसवाडी, गोवा

उत्तर : तो बरोबर बोलतोय, आणि तेच दुखणं आहे. पैसे मासळीचे मोजले आणि ताबा पाण्याचा मिळाला, असा व्यवहार तुमच्या गावाने केला आहे. ओहोटीला जाळं लावून बाहेर जाणारी मासळी धरणं हा मानशीचा जुना रिवाज आहे. भरतीला दार उघडं ठेवून आत मासळी आणि खारं पाणी दोन्ही घेणं हा रिवाज नाही. जास्त मासळीसाठी काढलेली ती पळवाट आहे.

खाजनात भात आणि मासळी यांचं वैर कधी नव्हतं. पावसात पाण्याचा हिशेब भाताचा, कापणीनंतर मासळीचा, आणि मानशीच्या पैशातून बांधाची डागडुजी. हा क्रम पावणीच्या अटींत लिहून घ्या. पहिल्या पावसापासून कापणीपर्यंत दाराचा ताबा शेतकऱ्यांच्या माणसाकडे. आतल्या पाण्याची कमाल पातळी मानशीच्या खांबावर रंगाने रेघ मारून ठरवायची, कारण कागदावरच्या पातळीवर वाद होतो. अनामत रक्कम घ्यायची आणि रेघ ओलांडली की ती जप्त. हे सगळं कुळांच्या असोसिएशनच्या सर्वसाधारण सभेत, पावणीच्या आधी, इतिवृत्तात लिहून मंजूर करून घ्या. पावणी झाल्यावर भांडलात तर त्याचीच बाजू वर राहते.

सभेत बहुमत मिळणार नाही असं तुम्ही पत्रात लिहिलं आहे, कारण निम्म्या सदस्यांनी शेती सोडली आणि त्यांना पावणीच्या पैशाचा वाटा बरा वाटतो. त्यावर माझ्याकडे जादू नाही. ज्यांची शेतं सलग आहेत अशा पाच-सात जणांनी आतला लहान बांध धरून एका कोपऱ्यात कोरगुट घ्यावं आणि पीक उभं असताना सभा बोलवावी, एवढं सुचवते. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटमधूनच निवडलेले गोवा धान १ आणि २ हे वाणही आहेत. ज्याला घरच्या कोरगुटचं शुद्ध बी मिळत नाही त्याने ते घ्यावेत. चवीला मला कोरगुटच आवडतं, तो माझा पक्षपात.

प्रश्न : केरळच्या पोक्कळी भाताबद्दल वाचलं. ते आपल्या खारेपाटात आणून लावता येईल का? — कृषी पदविकेची विद्यार्थिनी, रोहा

उत्तर : अभ्यास जरूर कर. एर्नाकुलमच्या आसपासची ही शेती शिकण्यासारखी आहे. तिथे शेतातच मातीचे उंचवटे करतात, पावसाने त्यांच्यातलं मीठ उतरलं की त्यावर मोड आलेलं बी टाकतात, आणि रोपं वाढली की उंचवटे फोडून रोपं मातीसकट शेतभर पसरतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्याच शेतात कोळंबी, आणि तिची विष्ठा नि उरलेले धांडे हेच भाताचं खत. पोक्कळीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खार सोसणाऱ्या नव्या वाणांत जगभर वापरला जाणारा साल्टॉल हा गुणसूत्राचा तुकडाही पोक्कळीतूनच आला.

पण कोचीला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर असतो, धरमतरच्या खाडीत उधाणाला तो चार मीटरच्या वर जातो. त्यांच्या काठ्यांना आणि दारांना जो दाब कधी सोसावा लागत नाही तो आपल्याला महिन्यातून दोनदा लागतो. शिवाय पोक्कळी उंच वाढतं आणि लोळतं. त्यांच्या कमरेएवढ्या पाण्यात फक्त लोंब्या कापून घेतात. आपल्याकडे तसं पाणी ठेवत नाहीत. तेव्हा उंचवट्याची युक्ती उचल, बी आपलंच वापर. आणि तिथे गेलीस तर शेतकऱ्यांना हेही विचार की बारमाही कोळंबीच्या पैशापुढे भात का मागे पडतंय. तिसवाडीच्या वरच्या पत्राशी ते ताडून बघ.

प्रश्न : दुकानदार म्हणतो खारजमिनीला एकरी टनभर जिप्सम टाका, सगळा खार जाईल. टाकू का? — एक शेतकरी, उरण

उत्तर : आधी मातीचा सामू (पीएच) आणि क्षारता तपासा, मग बोलू. जिप्समचा उपयोग चोपण जमिनीला होतो, जिथे मातीला सोडियम चिकटून बसलेला असतो आणि सामू साडेआठच्या वर जातो. समुद्राच्या पाण्याने खारावलेली जमीन बहुतेक वेळा तशी नसते. तिच्यातलं मीठ पावसाच्या पाण्यात विरघळतं आणि निचरा असेल तर निघून जातं. तुमचा निचरा बंद असेल तर जिप्सम त्याच चिखलात पडून राहील. तपासणीत चोपण निघालीच तर अहवाल पाठवा, मात्रा कळवते. नाहीतर ते पैसे उघाडीच्या फळ्यांना लावा.